मेसेज शंभर टक्के पोचले

४ जानेवारी २०१६, सोमवार

आज रुजू झाले. पद : डिजिटल लसीकरण समन्वयक. व्हिजिटिंग कार्ड अजून छापलेलं नाही, पण संस्थेच्या सुदर्शन सरांनी मेल आयडी दिला.

बाबा कोथरूडच्या ज्या सोसायटीत वॉचमन आहेत, तिथल्या सेक्रेटरींना त्यांनी सकाळीच सांगून टाकलं की आमची मुलगी लसीचं काम बघते. सेक्रेटरी म्हणाले, "टोचते का?" बाबा म्हणाले, "नाही हो, टोचलेलं लिहिते." घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचा हा त्रास आहे. काम समजावून सांगण्यातच निम्मी शक्ती जाते.

काम साधं आहे. मार्केट यार्डाजवळच्या दवाखान्याच्या भागातल्या प्रत्येक बाळाची नोंद टॅबवर करायची. लसीची तारीख आली की पालकांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज. बाळ येणार, लस घेणार, आजार होणार नाही. यात कुठेच माणसाची चूक होऊ शकत नाही, कारण यात कुठे माणूसच नाही.

संकल्प : मार्चअखेर या भागात एकही मूल गोवरच्या लसीवाचून राहणार नाही.

७ जानेवारी, गुरुवार

लसीकरणाचा दिवस. लोकांची कागदी कार्डं पाहून वाईट वाटलं. एकावर चहा सांडलेला. एक घडी करून पाळण्याच्या कडीत पाचर म्हणून ठोकलेलं होतं, ते आईने काढून आणलं. तोवर पाळणा कुरकुरत असेल.

दवाखान्याच्या सिस्टर शालनताई. वीस-बावीस वर्षं नोकरी झालेली. त्यांना टॅब दाखवला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे. ह्यात लस गार राहते का?"

विनोद असावा. बदलाला विरोध असा विनोदातूनच येतो.

१२ जानेवारी

हमालांच्या वस्तीत नोंदणी. मुकादम नागोराव यांनी फार मदत केली. साठीचे आहेत, पांढऱ्या मिशा. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि बायकांना हाका मारून बोलावलं.

बाळाची जन्मतारीख विचारली की बायका अडखळत. कुणाचं बाळ पोळ्याच्या आसपासचं, कुणाचं भरणीच्या पावसातलं. पण मोबाइल नंबर विचारला की एकीनेही विचार केला नाही, सगळ्यांना तोंडपाठ! वस्तीतल्या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

घरी येऊन पाहिलं तर बहुतेकींचा नंबर एकच आहे. म्हणजे एकत्र कुटुंबपद्धती इथे अजून टिकून आहे. आडनावं वेगळी आहेत, तरीही. किती छान. यावर कधीतरी लेख लिहीन.

कौशल्या नावाची एक आई भेटली. बाजारात कांदा निवडायला जाते. मुलगी सोनू, आठ महिन्यांची, खाली दोन दात. माझ्या आयकार्डाची दोरी पकडून तिने चावून काढली. कौशल्या म्हणाली, "ताई, गोवरची सुई कवा असती? माझा पैला पोरगा गावाकडं गोवरानंच गेला." मी म्हटलं, तुम्ही तारीख लक्षातच ठेवू नका, वेळ झाली की तुम्हाला मेसेज येईल. तिने दोनदा विचारलं, "नक्की येईल ना?" मी शब्द दिला.

२० जानेवारी

शालनताई दर महिन्याला वस्तीत दारोदार फिरून "उद्या बाळ आणा गं" असं ओरडतात. मी म्हटलं, आता गरज नाही, सिस्टीम सांगेल. वाद घालतील म्हणून मुद्दे काढून गेले होते. त्या म्हणाल्या, "देव तुझं भलं करो. माझे गुडघे तुला आशीर्वाद देतील." आणि चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवले. मुद्दे वाया गेले.

४ फेब्रुवारी, गुरुवार

आज सोनूला नऊ महिने पूर्ण. मेसेज सकाळीच गेला : "प्रिय पालक, आपले बाळ नऊ महिन्यांचे झाले आहे. गोवरच्या लसीसाठी दवाखान्यात यावे." प्रायव्हसी जपायची म्हणून बाळाचं नाव घातलेलं नाही. स्क्रीनवर हिरवी खूण : डिलिव्हर्ड, शंभर टक्के.

वस्तीतून कोणीही आलं नाही.

लग्नसराई आहे.

११ फेब्रुवारी

कोणीही आलं नाही. पण डिलिव्हर्ड शंभर टक्के.

मला या लोकांचं नवल वाटतं. मेसेज हातात आहे, दवाखाना चालत जाण्यासारखा आहे, लस फुकट आहे. आणखी काय करायचं? शालनताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी रिटायर झाले आहे, पगार तेवढा चालू आहे."

सुदर्शन सरांना फोन केला. सर परदेशात राहून आलेले असल्याने त्यांना लोकांचं मानसशास्त्र कळतं. ते म्हणाले, मेसेजचा सूर फार मवाळ आहे, पालकांच्या मनाला टोचलं पाहिजे. रात्री नवा मजकूर लिहिला : "आपले बाळ नऊ महिन्यांचे झाले. आपण त्याची जबाबदारी कधी स्वीकारणार?" अक्षरांची मर्यादा असल्याने गोवर आणि लस हे शब्द काढावे लागले. पालकांना कळेलच.

१८ फेब्रुवारी

नाही आले.

आता दिवसातून तीनदा जाईल अशी व्यवस्था केली. वयोगटांप्रमाणे वेगवेगळे : अडीच महिने, नऊ महिने, दीड वर्ष. शेवटी एक भावनिक ओळ : "लाजू नका. पुढे या. बाळ आपली वाट पाहत आहे." लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आईने विचारलं, कुणाला लिहितेस एवढं? मी म्हटलं, समाजाला. ती म्हणाली, समाजाला सांग, गॅस संपलाय.

२५ फेब्रुवारी

पलीकडच्या वस्तीत गोवर निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "हमालवस्तीत किती मुलांना लस झाली?" मी म्हटलं, मेसेज सगळ्यांना पोचलेत. त्या म्हणाल्या, "मी मेसेजचं नाही विचारलं." त्यांना टेक्नॉलॉजीची आवड नाही, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

शालनताई म्हणाल्या, "जाऊन येऊ या का एकदा?" मोह झाला. पण आता दारोदार गेलो, तर लोकांना मेसेज वाचायची सवय कधीच लागणार नाही. त्याऐवजी मेसेज दिवसातून पाचदा केला.

रात्री सोनूचा विचार आला. तिचा मेसेज पोचला आहे. तरी झोप लागली नाही.

१ मार्च, मंगळवार

संस्थेच्या देणगीदारांसमोर प्रेझेंटेशन. मोठा एसी हॉल, माझ्या अंगावर बहिणीची साडी. नकाशावर आमची वस्ती संपूर्ण हिरवी. टाळ्या झाल्या. सुदर्शन सर म्हणाले, हे मॉडेल आपण इतर शहरांत नेऊ.

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पण मुलं आली का?" सर म्हणाले, तो पुढचा टप्पा आहे. मला उत्तर आवडलं. परत येताना बसमध्ये ते तितकंसं आवडेना.

३ मार्च, गुरुवार

आजही कोणी नाही. शेवटी मीच वस्तीत गेले. (तपासणीसाठी. दारोदार फिरण्यासाठी नाही.)

नागोरावांच्या दारात त्यांची बायको मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. म्हटलं, मी लसीचे मेसेज पाठवणारी प्रियदर्शनी. हातातलं सूप तिने खाली आपटलं. "तूच का ती? ये की! बस! आता समदं खरं सांग. किती लेकरं हायती ह्येंची?"

मला कळेना. मग ती बोटांवर मोजायला लागली. शेजारची पोरगी रोज तिला नवऱ्याच्या फोनवरचे मेसेज वाचून दाखवत होती. "एक नऊ महिन्यांचं, एक दीड वर्साचं, एक अडीच महिन्यांचं. एका बाईची न्हाईत ही! आन वर म्हंतीस, लाजू नका!"

वस्तीत रेशन असो, गॅस असो, शाळा असो, कोणी नंबर विचारला की सगळे मुकादमाचा सांगतात. निरोप आला की मुकादम हाक मारतो, ही इथली पद्धत. ती मला कोणी सांगितली नाही. (मी विचारली नाही, असंही म्हणता येईल. पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.)

इतक्यात नागोराव आले. बायकोने घराबाहेर काढल्यापासून ते यार्डात पोत्यांच्या थप्पीवर झोपतात. मला पाहून हात जोडले. "मॅडम, साठाव्या वर्सी संसार मोडला की हो माजा. समदे इचारत्यात, मुकादम, जबाबदारी कवा घेनार?" मी म्हटलं, पण पहिल्याच मेसेजात लस असं स्पष्ट होतं, तेव्हा लोकांना का नाही सांगितलं? ते म्हणाले, "पैल्याच दिवशी हिनं फोन गव्हाच्या कोठीत टाकला. तवापासनं तितंच वाजतोय. वाचायपुरता आन चार्जिंगपुरता तेवढा भाईर काढती."

म्हणजे डिलिव्हर्ड हे खरंच होतं. सिस्टीममध्ये दोष नाही.

मी मुक्ताबाईंना सगळं समजावलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "एक बी ह्येंचं न्हाई?" मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "तरीच. म्या म्हनलं, ह्येंच्याच्यानं कसं झालं!" नागोरावांचा चेहरा आधीपेक्षा जास्त पडला.

तिथून कौशल्याकडे पळत गेले. सोनू तापलेली होती, डोळे लाल, नाक वाहत होतं. कौशल्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ताई, मी रोज मुकादमाला इचारत हुते, माझा निरोप आला का. ते माझ्यावरच खेकसायचे."

५ मार्च

सोनूच्या अंगावर पुरळ आलं. गोवरच. डॉक्टर मॅडमनी अ जीवनसत्त्वाचा डोस दिला आणि छाती तपासली. म्हणाल्या, घाबरू नका, पण लक्ष ठेवा.

आम्ही कालपासून वस्तीत आहोत. शालनताई ओरडतात, नागोराव त्यांच्याहून मोठ्याने ओरडतात, मुक्ताबाई आया धरून आणतात. टॅबची बॅटरी पहिल्या तासातच गेली. शालनताईंनी नोंदी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर केल्या. "हे बघ," म्हणाल्या, "चार्जिंग लागत नाही." मी पुढच्या बाळाचं नाव सांगितलं.

कौशल्याला दुपारी दोन घटका झोप मिळावी म्हणून सोनूला मी घेतलं. खांद्यावर डोकं ठेवून सारखी खोकत होती. हिचा मेसेज पोचला आहे, असं मनात म्हणून पाहिलं. मदत झाली नाही.

१० मार्च, गुरुवार

सोनूचा ताप उतरला! भाताची पेज प्याली. कौशल्याने माझा हात धरला. वस्तीतल्या बाकीच्या मुलांची लस झाली. नागोराव घरी झोपतात.

सुदर्शन सरांना कळवलं. ते म्हणाले, ग्रेट, यश कसं मिळालं ते दोन ओळींत लिही, डिजिटल हा शब्द येऊ दे. लिहिलं. तसं पाहिलं तर ते खोटं नाही. मेसेज नसते, तर मुक्ताबाई चिडल्या नसत्या, आणि त्या चिडल्या नसत्या, तर आम्ही वस्तीत पोचलोच नसतो.

पुढच्या आवृत्तीसाठी सुधारणा : मजकूर बदलणे. प्रत्येक आईला वेगळा नंबर असणे. तो कुठून आणायचा, हे ठरायचं आहे.

१६ मार्च

अंग दुखतं. ताप. कामाचा ताण. ध्येयाने झपाटलेल्या माणसांना असं होतंच. डोळेही लाल, ते स्क्रीनमुळे. दोन दिवस सुट्टी टाकली.

१९ मार्च, शनिवार

कानामागून पुरळ सुरू झालं, आता पोटापर्यंत आहे. डॉक्टर मॅडमनी लांबूनच ओळखलं. विचारलं, "तुला स्वतःला लहानपणी लस दिली होती का?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय आठवतं? त्या वर्षी आपण वीटभट्टीवर होतो, तीन गावं बदलली. कुणी टोचलं असेल तर टोचलं." मी म्हटलं, कार्ड असेल ना? आई उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवून गेली. मी काढून टाकला नाही.

संध्याकाळी शालनताईंचा फोन. "अगं, साथीचे पेशंट तुझ्या त्या टॅबात भरायचेत. तुझं नाव घातलं, पण ते तेवीस हे वय घेत नाहीये. पाच वर्षांच्या वर जातच नाही. काय करू?" सुदर्शन सरांना विचारलं. ते म्हणाले, मग राहू दे, महिनाअखेरच्या रिपोर्टला तेवढीच एक केस कमी.

म्हणजे अधिकृतरीत्या मला गोवर झालेला नाही. खाज मात्र फार येते.