बाबा दारात उभे आहेत ते पान

४ मार्च २००६, शनि., कॉव्हेंट्री
दुपारी शेजारी व्हर्नीसबाईंकडे टायपिंगला. वय ब्याऐंशी, हात थरथरतात, आवाज मात्र खणखणीत. अमेरिकेतल्या काळ्या लेखिका. गावातल्या गोऱ्यांबद्दल खरं लिहिलं म्हणून नोकरी गेली, धमक्या आल्या. तिशीत एक बॅग नि टाइपरायटर घेऊन इंग्लंडच्या बोटीत बसल्या. मी पुण्याहून आले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या तीन बरण्या होत्या!

११ मार्च
त्यांचं पहिलं पुस्तक. उभ्याउभ्या चाळीस पानं. अंगावर काटा. कुणाच्या बापाला भीत नाही ही बाई! राहवलं नाही, वाकून पाया पडले. बाई दचकून मागे. "गेट अप! डोन्ट यू एव्हर..." कपबशी फुटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात असा मान देतात, कसंबसं सांगितलं.
मग म्हणाल्या, वाकायचं नव्हतं म्हणून तर देश सोडला. मान द्यायचाय? तुझं लिहिलेलं आण.

१२ मार्च
माझं म्हणजे आत्यावरची कादंबरी. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आजोबांनी तिला घराबाहेर काढलं; बाबा दारात उभे राहून बघत होते. पुण्यात एक ओळ लिहवली नाही, इथे दोन वर्षांत तीनशे पानं. पुण्याचे प्रकाशक छापायला तयार. बाबांना आज फोनवर सांगितलं.
"माझे डोळे मिटल्यावर छाप." फोन ठेवलाच.

१८ मार्च
बाईंना सांगितलं. हसल्या. त्यांची आईही हेच म्हणाली होती.
"मग?"
"छापलं."
"आईंनी वाचलं?"
"नेव्हर सेंट इट. गावच्या पोलिसांना, शेरिफला घाबरले नाही. तिला घाबरले." आई गेली, पुस्तक न बघताच.
एवढी मोठी बाई, आणि हे मला सांगितलं. आदर कमी व्हायला हवा होता, दुप्पट झाला. घरी येऊन रडले.

२५ मार्च
पोस्टात. बाई काठी टेकत बरोबर. प्रकाशकाचं पाकीट तयार होतं, तिकिटंही लावलेली. ते पिशवीतच ठेवलं. कादंबरीची दुसरी प्रत बाबांना, सही घेऊन देतात त्या टपालाने. वर चिठ्ठी: 'पान एकशे बारावर तुम्ही दारात उभे आहात. आधी तुम्ही वाचा.'
"अँड इफ ही स्टिल सेज नो?" बाईंनी विचारलं.
त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला. प्रकाशकाचं पाकीट घरी टेबलावर आहे. त्यावरची तिकिटं काढलेली नाहीत.