दुसऱ्या शेगडीची कबुली

तीर्थस्वरूप दादास धाकट्या बहिणीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरं म्हणजे बसूनच केला आहे, पण कागदावर काय दिसतंय! तुझी तब्येत, तुझं पचन आणि तुझ्या बागेतली कापून कापून चौकोनी केलेली झुडपं, सगळं ठणठणीत असावं. फोनच करणार होते, पण फोनवर तू ऐकत नाहीस, तूच बोलतोस. म्हणून पत्र. अक्षर सूनबाईचं, बोल माझे. (हेडमास्तर म्हणून तू अख्ख्या गावाला अक्षरं शिकवलीस, घरातली एक बहीण तेवढी राहून गेली. असो, माझं काही अडलं नाही.) आता सूनच लिहिते आहे म्हटल्यावर सुनेविषयी खरं बोलायची सोय नाही. तेव्हा सूनबाई छान आहे.

तर आपली नात. ती नगररचना खात्यात लागली हे तुला माहीत आहेच. मला आपलं वाटायचं, बसून नकाशे रंगवते आणि त्याचा पगार घेते. मग एकदा तिने तो नकाशा माझ्या पलंगावर पसरला. सगळं गाव पिवळं. पिवळं म्हणजे काय, तर एका प्लॉटवर एकच घर, घरात एकच स्वयंपाकघर, आणि मोटार असो नसो, मोटारीला जागा सोडलीच पाहिजे. कोपऱ्यात तिळाएवढा एक जांभळा ठिपका. तिथे म्हणे लहान लहान घरं एकाला एक लागून, एकावर एक बांधता येतात. मी विचारलं, मग बाकीची माणसं राहतात कुठे? तर म्हणाली, आजी, हेच विचारायचा मला पगार मिळतो. (मोटारीला घर दिलं नाही तर दंड आणि माणसाला दिलं तर गुन्हा, हा नियम कोणी केला असेल? नक्कीच भाड्याने कधी न राहिलेल्या माणसाने.) तिचा नवा नियम मला एका दमात समजला, म्हणजे तो चांगलाच असणार. पिवळ्यातही एका प्लॉटवर दोन घरं चालतील, मोठ्या रस्त्याच्या कडेला तीन मजले चालतील आणि मोटारीची सक्ती नाही. घरं वाढली की भाडी उतरतील, आणि जो गावाचं काम करतो त्याला गावातच पाठ टेकता येईल.

पण नगरपालिकेतले म्हणाले, आधी मोजून आणा, आत्ताच किती जणांनी चोरून दुसरं घर थाटलंय. कायद्याने दुसरी शेगडी म्हणजे दुसरं घर. तेव्हा माणसं निघाली घरोघरी शेगड्या मोजत. तुला माहीत आहे, अकरा वर्षं झाली, मी मागच्या खोलीत माझी वेगळी चूल मांडून आहे. माझ्या वरच्या खोलीत नर्सबाई भाड्याने राहते, तीही माझ्याच शेगडीवर चहा करते. मोजणारा दारात आला तेव्हा शेगडीवर दूध होतं. मी पातेल्यासकट सगळ्यावर पत्र्याचा डबा पालथा घातला, वर शाल टाकली आणि सांगितलं, शिलाई मशीन आहे. गॅस बंद करायचा राहिला. तो भला माणूस मान डोलावून निघालाच होता, तेवढ्यात मशीन उतू गेलं. त्याने शालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवर 'शिलाई मशीन, एक' असं लिहिलं आणि जाता जाता हळूच म्हणाला, आजी, मी भाड्याने राहतो ना, तिथेही असंच मशीन आहे.

आठ दिवसांनी हिशेब आला. आपल्या वसाहतीत घरं एकशे बारा, दुसऱ्या शेगड्या शून्य. नात कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, एकशे बारा घरं आणि गॅसवाला दोनशे सात ठिकाणी सिलिंडर टाकतो. उरलेले लोक काय सिलिंडरशी खेळतात? शाल कुणी टाकली हे मी तेव्हा काही बोलले नाही. (आत्ता सूनबाईला कळलं. लिहायची थांबली आहे. लिही गं, पुढे आणखी आहे.)

मग शाळेच्या सभागृहात नव्या नियमावर सुनावणी झाली. तू अध्यक्ष नसलेल्या सभेला जात नाहीस, म्हणून तुझं यायचं राहिलं. पण तुझी चार पानी हरकत वेळेवर पोचली. एकूण अडतीस हरकती होत्या. कुणाला पाण्याची काळजी, कुणाला सावलीची, कुणाला मोटार लावायची. तुझी सगळ्यांत शुद्ध. लहान घरांमुळे वसाहतीचा दर्जा खालावेल असं तू लिहिलं आहेस. पोरीने चारही पानं स्वतः वाचली, उभ्याने, एक शब्द न गाळता, आवाज न चढवता. शेजारी बसलेला शिंपी मला म्हणाला, कोणाची मुलगी हो ही? मी म्हटलं, माझ्या मुलाची, पण बुद्धी एक पिढी सोडून आली आहे.

मग तिने विचारलं, ज्यांच्याकडे दुसरी शेगडी आहे त्यांनी हात वर करावा. सभागृह असं गप्प, जसा काही सगळ्यांचा उपास आहे. ती एकटी उभी, मागे तो पिवळा नकाशा, आणि पुढे शंभर खोटारडी तोंडं. त्यांत एक माझं. दादा, मला बसवेना. उठले. म्हटलं, माझी आहे, अकरा वर्षं आहे, लिहून घ्या. दोन शेगड्या आहेत म्हणून सासूसुनांचं एक घर टिकलंय. आणि माझ्या वर जी राहते ती दिवसभर तुमच्या आजाऱ्यांना उठवते बसवते, पण तुमच्या कागदावर ती कुठेच राहत नाही. मग शिंपी उठला, त्याच्या अंगणातल्या खोलीत त्याचे आईवडील राहतात. मग बेकरीवाली. हरकत समितीच्या अध्यक्षांचा हात अर्ध्यावर अडकला होता, तो त्यांच्या बायकोने धरून पूर्ण वर केला. माझा धरून पंच्याण्णव हात झाले. पोरगी मोजत होती, आणि मोजता मोजता तिचा आकडा दोनदा चुकला, कारण डोळे पुसायचे होते. मी आयुष्यात सही केली नाही, पण त्या दिवशी काही तरी लिहून आल्यासारखं वाटलं.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार लिहावा तर आपल्याहून मोठं आता उरलं कोण? लहानांना आशीर्वाद.

तुझी,
(अंगठा मीच उठवला आहे)

ता. क. कबुली दिली की गुन्हा सिद्ध होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोटीस आली आहे: तीस दिवसांत दुसरी शेगडी काढा, भाडेकरू हलवा. नवा नियम झाला तर नोटीस आपोआप रद्द. मतदान शुक्रवारी आहे, पण एक जरी लेखी हरकत उरली तरी ते सहा महिने पुढे जाईल. अडतिसांपैकी सदतीस जणांनी हरकती मागे घेतल्या. उरलेला कोण, ते तुला आरशात दिसेल. शुक्रवारी दहाच्या आत ये आणि सही कर.

ता. क. दुसरा. तुझ्या वतीने अंगठा उठवायला मी गेले होते. कारकून म्हणाला, हेडमास्तरांचा अंगठा कोणी खरा मानणार नाही.

ता. क. तिसरा. नाहीच आलास, तर मी शेगडी आणि नर्सबाईला घेऊन तुझ्याकडे राहायला येते. तुझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. वसाहतीचा दर्जा कसा राखायचा ते आपण रोज सकाळी बोलू.

(मामा, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, त्यांना वाटतंय मी पाकिटावर पत्ता घालते आहे. शुक्रवारी याच. सकाळी मागून त्यांच्या पातेल्यांचा आवाज आला नाही, तर मला उजाडल्यासारखं वाटत नाही. हे त्यांना सांगितलंत तर मी साफ नाकबूल करीन. — सून)