सेल काढून ठेवावेत

ती. स्व. दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (वाकताना डावा गुडघा वाजतो, तो आवाज तिथवर आला तर दुर्लक्ष करावं.) वहिनींचा खोकला कसा आहे? तुमचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं, की अजून तुमच्यापेक्षा त्याचाच दाब जास्त असतो? सहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असं समजून वहिनींना घाबऱ्याघुबऱ्या हाका मारू नयेत. कुणी गेलेलं नाही. पत्र एका बॅटरीविषयी आहे.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून मी स्टुलावर चढलो आणि कपाटावरून आप्पांची पितळी बॅटरी खाली काढली. फडक्याने पुसली, बटण पुढे सारलं. अर्थातच लागली नाही. आत सेल फुटून चिकटलेत हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यावरूनच तर आपलं बोलणं बंद आहे. 'काम झालं की सेल काढून ठेवावेत' हा आप्पांनी घरात घातलेला एकमेव नियम. (बाकीचे आईने घातले, ते आप्पाही पाळत.) आप्पा गेल्यावर तो नियम कुणी मोडला यावर तुम्ही म्हणालात, "तूच." मी म्हणालो, "मी नाही." तुम्ही बॅटरी माझ्या पिशवीत कोंबलीत आणि म्हणालात, "मग ने हे तुझं कर्तृत्व." तर ते कर्तृत्व मी पुसून पुन्हा वर ठेवलं आणि नवी बॅटरी घ्यायला निघालो.

नवी लागली ती कामासाठी. पाणीपुरवठ्याच्या जमिनीखालच्या टाक्या रिकाम्या केल्या की आत उतरून भिंतींना भेगा पडल्यात का ते मी पाहतो. आत भर दुपारीही काळोख. नियमाप्रमाणे एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने वर झाकणाशी बसून दर पाच मिनिटांनी हाक मारायची. माझे वरचे जोडीदार निवृत्त झाले. बदली माणूस 'लवकरच' मिळणार आहे, तोवर वर कुणी नाही. मी आपला सवयीने आतून "ठीक आहे!" असं ओरडतो आणि टाकी तेच चार वेळा परत सांगते. इतक्या एकमताने माझ्याशी हल्ली कुणी बोलत नाही.

दुकानात म्हटलं, "चांगली जोरदार बॅटरी दाखवा." दुकानदारांनी एक जाडसा सेल समोर ठेवला. म्हटलं, "हा नव्हे, अख्खी बॅटरी." त्यावर ते कंबर सावरत फळीवरून मोटारीची बॅटरी उचलायला लागले. शेवटी मी मूठ वळून अंगठा पुढे सारून दाखवला. "अहो, मग टॉर्च म्हणा की!" ते म्हणाले. "टॉर्चला बॅटरी म्हणणारी माणसं संपली आता." मी म्हटलं, "दोन उरलीत." (तुम्हाला न विचारता धरलं आहे.)

मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती. तो किती लांब जातो ही निराळी गोष्ट. दिव्यामागची चकचकीत वाटी खोल असली तर उजेड भाल्यासारखा लांब जातो, उथळ असली तर सुपातलं धान्य ओतल्यासारखा पसरतो. मला टाकीसाठी पसरट हवा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण खोक्यावर 'एक किलोमीटर' असं दिसलं आणि माझी मती फिरली. टाकी बारा मीटरची. एक किलोमीटरवर मला कुणाचं तोंड पाहायचं आहे, हा प्रश्न घरी आल्यावर पडला.

पहिल्याच दिवशी टाकीत ती पूर्ण जोरावर लावली. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून सगळा उजेड माझ्याच डोळ्यांत. भेगा सोडाच, मला माझे पाय दिसेनात. मी आपला खाली बसून देवाचं नाव घेत राहिलो. मिनिटभरात बॅटरी तापली आणि आपणहून मंद झाली. हा दोष नाही म्हणे. फार तापलं की मंद व्हायचं, अशी तिची घडणच आहे. (आपल्या दोघांत ही सोय ठेवलेली नाही.)

तिची निगा म्हणजे एखाद्या आजारी पाहुण्याची सरबराई. आटे कापसाने पुसा, रबरी कड्याला सिलिकॉनचं ग्रीस लावा, सेल काठोकाठ भरून किंवा पार रिकामा करून ठेवू नका, खिशात घालताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा म्हणजे चुकून लागणार नाही. ग्रीस नव्हतं म्हणून मी खोबरेल लावलं. कडं फुगून बसेना. पाव फेरा विसरलो. सदऱ्याचा खिसा आतून करपला. जळका वास येतोय म्हणून मी गॅसची नळी हुंगत सगळं स्वयंपाकघर फिरलो आणि वास बरोबर माझ्यासोबत फिरला.

शेवटचं प्रकरण बटणाचं. एका संध्याकाळी खिडकीत बसून काच पुसताना ते तीनदा दाबलं गेलं आणि बॅटरी विचित्र लागू लागली. तीन तुटक, तीन लांब, पुन्हा तीन तुटक. मला वाटलं, सेल हलतोय. दहा मिनिटांत समोरच्या इमारतीतले आचारी (बोटीवर नोकरी होती, आता निवृत्त) धापा टाकत दारात उभे, खांद्यावर दोर.

"कोण बुडतंय?"

"बुडतंय? इथे तिसऱ्या मजल्यावर?"

"तुम्ही मदत मागितलीत ना? अहो, जगात कुठेही जा, हीच खूण."

त्यांना बसवून चहा केला. दुसरा कप शोधावा लागला. त्यात मी तुटलेली बटणं ठेवली होती. आता रस्त्यात दिसले की लांबूनच ओरडतात, "काय, आज बुडताय की तरंगताय?" मी देवाकडे रोज मागतो, पण मोघम. मदत मागायची अशी नेमकी खूण असते हे माझ्या गावीही नव्हतं.

असो. तुम्ही दोघं प्रकृतीला जपा. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा

ता. क. बटण चुकून दाबलं गेलं हे पहिल्या संध्याकाळपुरतं खरं. त्यानंतर गुरुवारी आणि शनिवारी मी मोजून तीनदा दाबलं. आचारी दोन्ही वेळा आले. शनिवारी दोर आणला नाही.

आणखी ता. क. रबरी कडं आणायला गेलो तेव्हा आप्पांची बॅटरीही नेली. दुकानदारांनी लाकडी दांड्याने ठोकून सेल बाहेर काढले. आप्पा सेल घातल्याची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून सेलला चिकटवत, आठवतं? तशी पट्टी निघाली. तारीख आप्पा गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाची आहे आणि अक्षर माझं आहे. दादा, मला हे सहा वर्षं माहीत होतं. त्या दिवशी मी नवे सेल घालून त्यांच्या रिकाम्या खोलीत उजेड पाडला. काढायला गेलो, पण काम झालं की सेल काढायचे ना? काम झालं असं वाटेना. म्हणून राहिले. तुम्ही विचारलंत तेव्हा हे सांगायची लाज वाटली आणि 'मी नाही' म्हणणं सोपं गेलं.

शेवटचा ता. क. व्हिनेगर आणि पॉलिश पेपरने आतून घासून नवे सेल घातले, आप्पांची बॅटरी आता लागते. उजेड पिवळट, जेमतेम खोलीभर. टाकीला तेवढाच हवा होता. ती पार्सलने तुमच्याकडे निघाली आहे, ती पट्टीही सोबत आहे. परत पाठवू नये, स्वतः घेऊन यावं. झाकणाशी बसायला खुर्ची आहे, आणि "अरे, आहेस का?" एवढंच दर पाच मिनिटांनी ओरडायचं असतं. पत्र लिहून मी आजवर तीनदा फाडलं, म्हणून या खेपेस पार्सल आधी टाकलं. काल सकाळी गेलं ते. सेल काढून वेगळ्या पुडीत बांधले आहेत.