दिवस मावळायच्या आत

७ नोव्हेंबर
दिलं एकदाचं नाव! पन्नाशीत बुद्धिबळाच्या स्पर्धेत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सुरेखा, हरून लवकर ये." हसू देत. पुण्याहून अनेकांतनं फोनवर शिकवलंय मला, पोटच्या पोरानं. एक डाव न हरता उठायचंय, बास.

८ नोव्हेंबर
पाहुणे उशिरा. मग हारतुरे, भाषणं, वर फोटो! पहिला डाव सुरू व्हायला चार वाजले. समोर राजवीर – कॉलेजातला पोरगा, सतराशेचं रेटिंग. मला रेटिंगच नाही. हात मिळवतानाच सांगून टाकलं – बाबा, लवकर आटप, आम्ही जैन, दिवस मावळला की मी जेवत नाही.

"पाच मिन्टात सोडतो की, काकू!"

सोडतोय कसला! वजीर घेऊन अंगावर आला, मी कोपऱ्यात चिकटून बसले. मग गडबडीत त्याचा घोडा फुकट गेला आणि मला चेव चढला! तो कपाळ धरून बसला. खिडकीतलं ऊन उतरत चाललं. डबा पायाशी, पोटात कावळे. उठले तर हरले, बसले तर सकाळपर्यंत उपाशी.

तेवढ्यात चाल करून त्यानंच हात पुढं केला. "काकू, दिवस मावळाय लागलाय. तुमचं जेवान ऱ्हाईल. बरोबरी करूया की."

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. हात मिळवला, व्हरांड्यात पळाले, चपाती-दोडका खाल्ला. सतराशेवाल्याशी बरोबरी! आणि केवढं गुणी पोरगं. त्याच्या आईला भेटलं पाहिजे.

९ नोव्हेंबर
आजचे सगळे डाव हरले. दुःख नाही. राजवीरला तिसरं बक्षीस. त्याच्यासाठी बेसनाचे लाडू नेले होते. डबा घेताना मान वर करेना! लाजाळू आहे बिचारा.

१० नोव्हेंबर
परवाच्या डावाचा शेवट पटावर मांडून अनेकांतला व्हिडिओ कॉलवर दाखवला. हसतच सुटला. "आई, हत्ती खाली सरकव. आता त्याचा राजा कुठं जातो बघ."

कुठंच नाही! एका चालीत मात होती!!

म्हणजे ते पोरगं घाबरलं होतं. मला!

लाडू गेले ते गेले. पुढच्या वर्षी उपास धरूनच खेळायला बसणार.