आबांचा पाय, माझा गुडघा

२ मार्च २००३, वरवंड
तालीम. बारापैकी नऊ आले. तिघांचे उसाचे ट्रॅक्टर पाटसला कारखान्यात नंबरला. दोन वर्षं झाली या मंडळींना आमचा धनगरी गजी नाच शिकवतोय. ज्यांच्याकडे मी शिकलो त्या आबांचा नाच शिकवणारा आता मीच उरलो. तो माझ्याबरोबर जाऊ नये, एवढंच बिरोबाकडे मागणं. डावा गुडघा ठणकतोय.

१७ एप्रिल
जत्रेत नाचले. मी गर्दीत मागे, धड दिसलं नाही. लोक खूश. शूटिंगही झालं.

२० एप्रिल
दत्ताने कॅसेट आणली. तो रांगेत पहिला असतो. डावा पाय उशिरा टेकवतोय, अंग तिरकं. वाटलं, काटा रुतला असेल. मग पाहिलं तर बाराही जण तसेच. ही पदर तोंडाला लावून हसतेय.
"तुमचाच गुडघा हाय त्यो. बारा जागी."
लाज वाटली. दोष कुणाला देणार? डोळ्यांत तेल घालून माझे पाय बघत होते बिचारे.

२१ एप्रिल
दत्ताला सांगितलं. म्हणाला, "बापू, आमाला वाटलं, तीच खरी गंमत. लई अवघड गेलं बसवाय."

२७ एप्रिल
नवीनच किडा डोक्यात. उजवीकडे वळताना आबा अर्धा ठोका थांबायचे. मी पन्नास वर्षं थांबतोय, यांनाही थांबायला लावलंय. पण मी शिकलो तेव्हा आबा सत्तरीचे. ते थांबणं नाचातलं, की त्यांच्या कंबरेचं?
जेवण गेलं नाही.

४ मे
एसटीने वडगाव रासाईला. तुकाआप्पा, आबांच्या वेळचा माझा एकच जोडीदार उरलाय. विचारलं.
"मला काय म्हाईत? मी त्यांच्या मागं असायचो. ते थांबले की थांबायचो, न्हाईतर धडकलो असतो."
दोघंही हसलो.

११ मे
तालीम. लंगडणं बरंचसं निघालं. वळण दोन्ही तऱ्हांनी नाचायला लावलं. थांबून, हातांतले रुमाल सावकाश खाली येतात, ढोलवाल्याला दम मिळतो. न थांबता, पाय हलके, सगळं वाहतं. खरं सांगायचं तर जास्त देखणं. पण त्यात मला आबा कुठे दिसले नाहीत. डोळे भरून आले, घाम पुसल्यासारखं केलं.
दत्ता : "मग कंचं ठेवायचं, बापू?"
रविवारी सांगतो म्हणालो.

१६ मे, शुक्रवार
सकाळी अंगणात एकटाच. थांबायचं नाही, असं पक्कं ठरवून उजवीकडे वळलो. उजवा पाय आपला आपण थांबला. त्याला तर काही दुखणं नाही.
परवा दत्ताला काय सांगू?