ताईच्या हातचं सूप

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

शुक्रवारच्या रहस्यमालिकेतला तू लिहिलेला भाग पाहिला. आईने कौतुकाने शेजारच्या शिवणवालीलाही बोलावलं होतं. तो काळ्या कोटातला निवेदक हसत हसत म्हणाला की आज एका प्रेमळ घरात जायचंय, आणि घर निघालं आमचंच! पलंग तोच, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई तीच. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, म्हणजे मीच. फक्त ती आईच्या सुपात रोज थोडं थोडं विष कालवते आणि लेखक असलेला देखणा भाऊ तिला पकडतो. देखणा! घरातला आरसा विकलास का रे?

भाग संपला, शिवणवाली घाईघाईने घरी गेली आणि आईने सुपाचा वाडगा बाजूला सारला. तेव्हापासून ती माझ्या हातचं खात नाही. मी समोर चाखून दाखवलं, तर म्हणाली, गोष्टीतली तीही चाखायचीच, विष चमच्याला होतं. चमचा बदलला, तर म्हणाली, तीही बदलायची. शिवणवालीकडून डबा मागवला, तर तुझ्या गोष्टीत शेजारीणही सामील! मी निर्दोष आहे हे दाखवायची एकही वाट तू मोकळी ठेवली नाहीस. आता आई फक्त उकडलेली अंडी खाते, तीही स्वतः सोलून. कवचातून विष घालायची युक्ती तुला सुचली नाही, एवढे उपकार.

तिला पत्र लिहून समजाव. लोभ असू दे असं म्हणवत नाही. आहे तो पुरवून वापर.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. अगं, लेखक जवळचंच उचलतो, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? उलट सगळ्यांना तुझंच पात्र आवडलं. त्या नटीला तर बक्षीस मिळेल म्हणतात.

आईला सविस्तर पत्र टाकलंय. हे सगळं रचलेलं असतं हे तिला पटावं म्हणून पडद्यामागच्या गमतीही लिहिल्या. पहिल्या खर्ड्यात विष अंड्यातच होतं, सुईने टोचून घातलेलं. भाग लांबला म्हणून ते कापावं लागलं. वाचून ती नक्की हसेल. यायचं फार मनात आहे, पण पुढच्या भागाचं चित्रीकरण तोंडावर आलंय. राग निवळला की चार ओळी लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

ता. १६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद उरले असतील तर. वि. वि.

आई हसली नाही. तिने अंडी सोडली. आता बंद पुड्यातली बिस्किटं आणि नळाचं पाणी. काल डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल. शाबास रे लेखका!

शिवणवालीला ती म्हणाली, तो उगाच कशाला लिहील? इतकी वर्षं मी तिचं अंग पुसते, केस विंचरते, आणि विश्वास कोणावर, तर थापा रचून मिरवणाऱ्यावर! हे मला फार लागलं, धाकट्या. दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना हात थांबतो.

तुझ्या गोष्टीतला भाऊ दर रविवारी घरी येतो. तू गेल्या थंडीत आलास तो टॅक्सी दारात उभी ठेवून. आता ये आणि स्वतःच्या हाताने तिला भरव. आलास तर लोभाचं बघू.

ताई

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र शिवणवाली टपालात टाकेल. ताईला ठाऊक नाही.

पहिल्या रात्री मी खरंच घाबरले. मग तिच्यावर पाळत ठेवली. पलंगावरून स्वयंपाकघर दिसतं, पण इतकी वर्षं मी तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. विष काही दिसलं नाही. मी खात नसले तरी ती सगळं सूप आधी माझ्याच वाडग्यात ओतते, पातेल्याच्या तळाशी राहील त्यात पाणी घालते आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या पिते. तेच तिचं जेवण. मनगटं बघ एकदा तिची. तुझ्या गोष्टीतल्या त्या हुशार भावाने घरातल्या सगळ्या बाटल्या हुंगल्या, पण आपली बहीण काय खाते हे त्या शहाण्याने एकदाही विचारलं नाही. कसला डोंबलाचा तपास!

परवा मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, अर्धा वाडगा तू खा, माझ्यासमोर, माझ्याच चमच्याने. मग मी खाईन. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खाल्लं, पाव बुडवून पोटभर खाल्लं. उरलेलं मी संपवलं. तेव्हापासून दोन्ही वेळा हेच चाललंय. माझा संशय केव्हाच गेला. पण तिला ते कळलं तर पुन्हा ओट्यापाशी जाऊन उभी राहील.

तेव्हा माझी समजूत घालायला येऊ नकोस. तिला रजा द्यायला ये, कपडे जास्तीचे घेऊन ये. आणि तिने विचारलं तर सांग, म्हातारी अजून संशय घेते.

माया आहे, रागासकट.

तुझी आई