कॅमेरा आकांक्षाला देऊ नये

मी, धम्मानंद नरसिंग खिल्लारे, वय ५४, मूळ गाव शिरड शहापूर, हल्ली राहणार हिंगोली, धंदा नोकरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. कुणाचं दडपण नाही.

कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. माझ्यामागे मुलीला कदाचित तिथेच बसावं लागेल.

१. हिंगोलीतलं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी पद्माबाई हिला मिळावी. धाकटा भाऊ हरिचंद याने त्यावर डोळा ठेवू नये. वडील गेले तेव्हा शिरडचं रान त्याने एकट्याने घेतलं, मी बोललो नाही. आता मेल्यावर बोलतो आहे.

२. अनुकंपा तत्त्वावरची नोकरी मृत्युपत्राने देता येत नाही, असं वकील म्हणाले. पण माझ्याकडे त्याहून मोठी इस्टेट नाही. पद्माबाई म्हणते, "सरकारी नोकरी हाय, पोरीनं काहून सोडावी?" मुलगी आकांक्षा हिचं अजून ठरत नाही. म्हणून तिथलं सगळं तिला सांगून ठेवतो.

रुजू झालो त्या वर्षी कार्यालयातल्या गणपतीच्या आरतीला मी हात जोडले नाहीत. भांडलो नाही, नुसता मागे उभा राहिलो. आजचे मुख्य लिपिक वैजनाथराव तेव्हा शेजारच्या टेबलावर होते. म्हणाले, "सगळ्यांसारखं राहायला काय तकलीफ हाय तुमाला?" त्यानंतर सगळे जिथे डबे एकत्र उघडत, तिथे मला जागा उरली नाही. बुद्धपौर्णिमेला नेलेली खीर तशीच भरलेली घरी परत यायची. नवरात्रात रोजचा रंग ठरायचा, तो मला कुणी सांगायचं नाही.

मात्र सगळे ओळीत उभे राहिले की हाक यायची, "धम्मानंद, तुमी काढा फोटो. तुमचा बराबर येतो." हाक आली याचाच मला आनंद व्हायचा. पुढे त्यासाठी मी पदरमोड करून कॅमेरा घेतला.

गेल्या वर्षी स्मरणिकेसाठी प्रत्येकाचा जुना फोटो हवा होता. माझा सापडेना. वैजनाथराव म्हणाले, "असं कसं? तुमी कदी फोटोत आलेच न्हाई का?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. टोमणा असता तर सोसला असता. हे सोसवलं नाही.

३. कॅमेरा आकांक्षाला देऊ नये. तिला हौस आहे, तरीही. तो वैजनाथरावांना द्यावा. आकांक्षा, जायचं की नाही ते तू ठरव, आईने नाही. गेलीस तर ओळीत उभी राहा. फोटो कोण काढणार, ते त्यांचं ते बघतील.

४. शोकसभेसाठी कार्यालयातून माझा फोटो मागायला येतील. कपाटात एका सव्वीस जानेवारीचा फोटो आहे, तो मोठा करून द्यावा. सगळे सकाळच्या उन्हात उभे आहेत. पुढच्या ओळीच्या पायांशी, दोन्ही हात तोंडापाशी धरलेल्या माणसाची सावली पडली आहे. तो मी. हार तिथे घालावा.

साक्षीला कार्यालयातल्या दोघांना विचारलं होतं. "साहेबांना विचारून सांगतो," म्हणाले. अजून विचारून राहिले आहेत. म्हणून खालील दोघांसमोर सही करतो.

सही: धम्मानंद नरसिंग खिल्लारे

साक्षीदार:
भीमराज इंगोले, शेजारी (सही)
कोंडीबा काळे, कार्यालयासमोरचे चहावाले (अंगठा)

हिंगोली, दि. ३ फेब्रुवारी २०२५